त्रिनिदाद काकांसाठी, टोबॅगो काकूंसाठी

पत्र : ताई, मी साताऱ्याचा निवृत्त शिक्षक, वय ६८. पत्नी ६४ वर्षांची, तिला मधुमेह आहे आणि गुडघे दुखतात. जानेवारीत चार महिन्यांसाठी आम्ही न्यू जर्सीला मुलीकडे जातोय. जावई म्हणतात, मधे आठवडाभर कॅरिबियनमधल्या एखाद्या बेटावर जाऊन या, तिकिटं मी काढतो. मला त्रिनिदाद बघायचंय. १९७१ साली मी आठवीत होतो. वडील मार्चभर पेपरातल्या क्रिकेटच्या बातम्या मोठ्याने वाचून दाखवायचे, तेव्हापासून पोर्ट ऑफ स्पेन हे नाव डोक्यात बसलंय. मुलगी म्हणते तिथे गुन्हेगारी फार आहे, त्यापेक्षा बहामाजला जा. पत्नीला कॅलेंडरवर असतो तसा निळा समुद्र पाहायचाय, आणि ती पक्की शाकाहारी आहे. तिघांची तीन मतं. काय करावं?

उत्तर : काका, त्रिनिदादलाच जा. काकूंना मात्र आधीच सांगून ठेवा की कॅलेंडरवरचा तो समुद्र त्रिनिदादला नाही. व्हेनेझुएलाचा किनारा तिथून जेमतेम ११ किलोमीटरवर आहे आणि ओरिनोको नदीचा सगळा गाळ त्या बाजूच्या समुद्रात येतो. त्यामुळे दक्षिणेचं आणि पश्चिमेचं पाणी आपल्या कोकणातल्या खाडीच्या तोंडाशी दिसतं तसं, मातकट हिरवं. काकूंचा समुद्र टोबॅगोला आहे. त्रिनिदाद आणि टोबॅगो ही एकाच देशाची दोन बेटं, विमानाने वीस-पंचवीस मिनिटांच्या अंतरावर. सात रात्रींपैकी चार त्रिनिदादला काढा, मग तीन टोबॅगोला. आधी फिरणं उरकलं की शेवटी विसावा मिळतो, काकूंच्या गुडघ्यांना तेच सोसेल.

मार्चचा पहिला पंधरवडा धरा. जानेवारी ते मे हा तिथला कोरडा हंगाम. ॲश वेनस्डे म्हणजे ख्रिस्ती उपवासकाळ सुरू होतो तो बुधवार. त्याच्या आधीचा सोमवार आणि मंगळवार हे कार्निव्हलचे, रस्त्यावरच्या नाचगाण्यांचे दिवस. ते फेब्रुवारीत किंवा मार्चच्या सुरुवातीला येतात. त्या आठवड्यात राहायच्या जागेचे भाव तिपटीवर जातात आणि रस्ते रात्रंदिवस माणसांनी भरलेले असतात. तुमच्या वयाला ती धावपळ नको. कार्निव्हल आटोपल्यावर आठवड्याने पोचलात की बेट शांत झालेलं असतं, पोई नावाच्या झाडांना पिवळा-गुलाबी बहर येऊ लागलेला असतो, आणि तुमच्यासाठी मार्चचा आणखी एक अर्थ आहे. त्याकडे येतेच.

आधी मुलीची काळजी. ती खोटी नाही. त्रिनिदादमध्ये टोळ्यांची गुन्हेगारी आहे, २०२४च्या डिसेंबरअखेर आणि पुन्हा २०२५मध्ये सरकारने आणीबाणी जाहीर केली होती. तिकीट काढण्याच्या आठवड्यात त्या वेळची परिस्थिती काय आहे ते मुलीला बघू द्या. अमेरिकन सरकारच्या प्रवाससूचना ती सहज वाचू शकेल, आणि पोर्ट ऑफ स्पेनमध्ये आपला उच्चायोगही आहे. परिस्थिती फारच बिघडलेली दिसली तर त्रिनिदाद पुढच्या खेपेला ठेवा, मीच सांगते. एरवी तिथले लोक स्वतः जी पथ्यं पाळतात तीच पाळायची. अंधार पडल्यावर पायी फिरायचं नाही. काकूंनी सोन्याचं मंगळसूत्र आणि पाटल्या मुलीकडे ठेवून साध्या काळ्या मण्यांची पोत घालावी. आणि गाडी ठरवताना नंबरप्लेट बघायची. भाड्याच्या अधिकृत गाडीचा नंबर ‘एच’ अक्षराने सुरू होतो, खासगी गाडीचा ‘पी’ने. खासगी गाडीतून भाडं मारणारे पुष्कळ आहेत. मला हा फरक माहीत नव्हता तेव्हा पहिल्याच संध्याकाळी अशा एका गाडीत बसले आणि दहा मिनिटांच्या वाटेचे दुप्पट पैसे देऊन उतरले. पैसे गेल्याचं दुःख नव्हतं, पण त्या दहा मिनिटांत घशाला कोरड पडली होती. तुम्ही राहाल त्या घराच्या मालकिणीला सांगून ओळखीचा एकच ड्रायव्हर चार दिवसांसाठी ठरवा. थोडं महाग पडेल, पण दोन ज्येष्ठांच्या प्रवासात पैसे खर्चायची खरी जागा हीच. गाड्या तिथे आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे अमेरिकेतून गेल्यावर रस्ता ओलांडताना मनाला जरा बरं वाटतं.

आता कागदपत्रं. भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी त्या देशाचा व्हिसा लागत नाही. अमेरिकेचा तुमचा व्हिसा मात्र अनेक वेळा प्रवेश देणारा आहे ना, ते बघून घ्या. बेटावरून परतल्यावर अमेरिकेतले सहा महिने नव्याने मोजले जातील असं धरू नका. भारतात परतायचं तिकीट पहिल्या प्रवेशाला मिळालेल्या मुदतीच्या आतलंच ठेवा.

कागदपत्रांपेक्षा मोठा मुद्दा पीतज्वराचा, म्हणजे यलो फीव्हरचा. तिकीट काढताना हा कुणाच्याच लक्षात येत नाही. भारत सरकारच्या पीतज्वराच्या यादीत त्रिनिदाद आहे, टोबॅगो नाही. हा रोग आपल्याकडे नाही आणि येऊ नये, म्हणून नियम कडक आहे. अशा ठिकाणाहून निघाल्यावर सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लसीचा दाखला नसला, तर विमानतळावरूनच विलगीकरणात नेतात, ते सहा दिवस भरेपर्यंत. तुम्ही मार्चमध्ये बेटावर जाऊन न्यू जर्सीला परताल आणि एप्रिलअखेर साताऱ्याला याल, म्हणजे हा नियम तुम्हाला आडवा येणार नाही. बेटावरून निघाल्याची तारीख असलेला बोर्डिंग पास तेवढा जपून ठेवा. पण लस काही फक्त विमानतळासाठी नसते. पीतज्वराचा विषाणू त्रिनिदादच्या जंगलात, माकडांमध्ये आणि डासांमध्ये असतो. तुम्ही दोघंही साठीपुढचे, आणि या वयात ही लस पहिल्यांदा घेताना गंभीर दुष्परिणामांचा धोका वाढतो. म्हणून निघण्याच्या दीड-दोन महिने आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला, काकूंची सगळी औषधं आणि अंड्याची ॲलर्जी असेल तर तीही सांगा. ‘घ्या’ म्हणाले तर सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, दाखला दहा दिवसांनी लागू होतो. ‘नको’ म्हणाले तर त्रिनिदादमधल्या घनदाट जंगलाच्या वाटा सोडून द्या. पाहण्यासारखं इतकं आहे की चार दिवस पुरत नाहीत. डासांचं मलम आणि पूर्ण बाह्यांचे कपडे मात्र दोन्ही परिस्थितींत हवेतच, डेंग्यू तिथेही आहे.

काकूंच्या जेवणाबद्दल मी अगदी निश्चिंत आहे. पक्क्या शाकाहारी माणसाने कॅरिबियनमध्ये कुठे जावं असं विचारलं तर मी त्रिनिदादचंच नाव घेईन. सकाळी रस्त्याकडेला काचेची पेटी घेऊन डबल्सवाला उभा असतो. हळद घातलेल्या दोन मऊ, चपट्या तळलेल्या पुऱ्या, त्यांना तिथे ‘बारा’ म्हणतात, त्यात रसदार छोले, वर काकडी आणि चटणी. हातावर कागद, कागदावर डबल्स, उभ्यानेच खायचं. तो विचारेल, ‘पेपर?’ म्हणजे मिरची घालू का? तेव्हा ‘स्लाइट’, म्हणजे अगदी थोडी, असं म्हणायचं. ती स्कॉच बॉनेट मिरची असते. कोल्हापुरी तिखट पचवणाऱ्या माणसाच्याही डोळ्यांतून तिने पाणी काढलेलं मी पाहिलंय. मैदा आणि तळण, म्हणून काकूंनी एकच खावं आणि त्यानंतर थोडं चालावं.

दुपारी रोटीच्या दुकानात जा. ‘धालपुरी’ मागा. पुरणपोळीच्या कुळातली पोळी, पण आत पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचं कोरडं, जिरं घातलेलं सारण. सोबत भोपळा, बटाटा-छोले, ‘बोडी’ म्हणजे चवळीच्या लांब शेंगांची भाजी. ‘बैंगन चोखा’ म्हणजे आपलं भरीत. दक्षिणेकडे डेबे नावाचं गाव आहे, तिथे रस्त्याच्या कडेला तळणाच्या टपऱ्यांची रांगच रांग. त्यात ‘सहीना’ घ्या. अळूच्या पानांना डाळीचं पीठ लावून तळलेला प्रकार. पहिला घास खाल्ला आणि मी थांबलेच. गूळ-चिंच सोडली तर ही आपल्या अळूवडीची सख्खी चुलत बहीण. ‘कुर्मा’ मागितलात तर जेवणातला कोर्मा नव्हे, शंकरपाळे मिळतील, साखरेचा पाक चढवलेले, त्यामुळे ते काकांनीच खायचे. जपायचं ते दोन-तीन पदार्थांना. ‘कॅलालू’ दिसायला अळूच्या फदफद्यासारखं, पण त्यात पुष्कळदा खेकडा असतो. ‘पेलाव’मध्ये कोंबडी असते. मॅकरोनी पायमध्ये अंडं असतं. विचारलं की लोक मोकळेपणाने सांगतात. ‘फास्टिंग’ हा शब्दही उपयोगी आहे. पूजेच्या आधी मांसाहार सोडण्याला तिथले हिंदू तेच म्हणतात आणि दुकानदाराला तुमचं म्हणणं लगेच कळतं.

डेबेच्या टपरीवर गल्ल्यावर एक नात बसली होती, मागे कढईशी तिची म्हातारी आजी. नात इंग्रजीत काहीतरी भराभर बोलली, त्यात एकच शब्द मला कळला : ‘आजी’. मी विचारलं, तुम्ही काय म्हणालात? ती म्हणाली, आजी, वडिलांची आई. आजोबा म्हणजे ‘आजा’. मी म्हटलं, आमच्याकडेही आजीच. म्हातारीने झारा खाली ठेवला आणि माझ्याकडे बघतच राहिली. तिला हिंदी येत नव्हती, मराठी हे नाव तिने ऐकलेलं नव्हतं. दोघींच्या मधे तेवढा एक शब्द होता. तिने सहीन्याचे पैसे घेतले नाहीत.

हे सांगते ते एवढ्यासाठी, की तिथे जाताना ‘छोटा भारत’ शोधायला जाऊ नका. देशातले जवळपास ३५ टक्के लोक भारतीय वंशाचे आहेत हे खरं. ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ हे जहाज कलकत्त्याहून २२५ माणसं घेऊन तिथे पोचलं. गुलामगिरी संपली होती आणि उसाच्या मळ्यांना हात हवे होते. १९१७पर्यंत १ लाख ४० हजारांहून जास्त माणसं गेली. बहुतेक भोजपुरी-अवधी मुलखातली, काही मद्रासकडची. मजुरीचा करार संपल्यावर बरेचसे तिथेच राहिले. आज त्यांची पाचवी-सहावी पिढी आहे. त्यांना ‘मूळ गाव कुठलं’, ‘तुमच्यात कोण’ असं विचारू नका. बहुतेकांना ते माहीत नसतं, आणि ज्यांना माहीत नाही त्यांना तो प्रश्न लागतो. कागदावर साहेबाने ऐकलं तसं पणजोबाचं नाव लिहिलं आणि तेच आडनाव झालं. रामाधीन हे आडनाव तुम्ही क्रिकेटमुळे ओळखताच. ते लोक आधी त्रिनिदादचे आहेत. कॅलिप्सो हा तिथल्या गाण्याचा प्रकार त्यांचा आहे, तेलाच्या पिंपांतून जन्मलेलं स्टीलपॅन हे वाद्य त्यांचं आहे, आणि दारासमोर बांबूवर फडकणारे रंगीत झेंडेही त्यांचेच. गाडीतून जाताना या ‘झंडी’ बघा. घरात पूजा झाली की एक रोवतात, लाल असली तर हनुमानाची. पावसाने विरल्या तरी त्या काढत नाहीत.

वॉटरलूचं समुद्रातलं देऊळ मात्र चुकवू नका. सेवदास साधू नावाच्या मळ्यातल्या मजुराने १९४७मध्ये किनाऱ्यावर देऊळ बांधलं. जमीन साखर कंपनीची. १९५२मध्ये देऊळ पाडलं आणि त्याला तुरुंगात टाकलं. सुटून आल्यावर त्याने ठरवलं, जमीन तुमची, समुद्र तर कुणाचाच नाही. ओहोटीच्या वेळी सायकलवरून दगड आणि सिमेंट नेऊन पाण्यात भर टाकत राहिला, वर्षानुवर्षं, एकटा. भारतीयांच्या आगमनाला १५० वर्षं झाली तेव्हा, १९९५ साली, ते देऊळ सरकारने नव्याने बांधून दिलं. आता किनाऱ्यापासून देवळापर्यंत बांधीव वाट आहे, सपाट, काकूंना चालता येईल. सकाळी लवकर जा. मी गेले तेव्हा ओहोटी होती, दोन्हीकडे चिखल, त्यात बगळे, आणि बाजूच्या घाटावर कुणाचं तरी अंत्यकर्म चाललेलं. मी बराच वेळ वाटेवरच उभी होते. तिथून थोड्याच अंतरावर कारापिचाइमाला दत्ताचं मंदिर आहे, मैसूरच्या दत्तपीठाचं, आणि त्याच्या अंगणात ८५ फुटी हनुमान. औदुंबर-नरसोबाची वाडी करणाऱ्या आपल्या माणसाला उसाच्या त्या जुन्या मुलखात ‘दत्तात्रेय’ अशी पाटी दिसली की काय होतं, ते तुम्ही तिथे गेल्यावरच बघा.

आणि आता ओव्हल. क्वीन्स पार्क ओव्हल पोर्ट ऑफ स्पेनमध्येच आहे, मागे उत्तरेच्या डोंगरांची हिरवी रांग. १८९६मध्ये सुरू झालेलं, क्लबच्या मालकीचं मैदान. ६ ते १० मार्च १९७१ या दरम्यान इथे अजित वाडेकरांच्या भारतीय संघाने वेस्ट इंडीजला सात गडी राखून हरवलं. त्यांच्याविरुद्ध भारताचा तो पहिला कसोटी विजय. मडगावच्या सरदेसाईंचं ११२, सोलकरांचं ५५, आणि पहिलाच कसोटी सामना खेळणाऱ्या गावसकरांचे ६५ आणि नाबाद ६७. एप्रिलमध्ये शेवटच्या कसोटीसाठी संघ पुन्हा याच मैदानावर आला आणि दाढदुखीने बेजार गावसकरांनी १२४ आणि २२० काढले. त्या मालिकेत त्यांच्या चार कसोट्यांत ७७४ धावा झाल्या. हरलेल्या बाजूच्या एका कॅलिप्सो गायकाने त्यांच्यावर गाणं रचलं, ही मोठेपणाची गोष्ट मला त्या धावांइतकीच मोलाची वाटते. पाच वर्षांनी, १९७६मध्ये, चौथ्या डावात ४०३चं आव्हान आपण पार केलं, तेही इथेच. तुम्हाला हे सगळं पाठ असणार, तरी मला लिहावंसं वाटलं.

सामना असेल तर तिकीट काढून सावलीच्या स्टँडमध्ये अर्धा दिवस बसा. नसेल तर सकाळी मुख्य दारावर जाऊन मैदान बघू द्याल का असं विचारा, वर्ष सांगा. आत शिरण्याआधी ‘गुड मॉर्निंग’ म्हणायला विसरू नका. दुकान, टॅक्सी, दवाखाना, कुठेही शिरताना आधी अभिवादन करायचं आणि मग कामाचं बोलायचं, अशी तिथली रीत आहे. संध्याकाळनंतर भेटल्यावरही ‘गुड नाइट’ म्हणतात, निरोपाचं म्हणून नव्हे. हे केलंत की बंद दारं उघडतात, माझा अनुभव आहे. मैदानावरून जवळच्या सवाना या विस्तीर्ण हिरवळीवर जा आणि काकूंना शहाळं घेऊन द्या. साखर न घातलेलं तिथलं सर्वांत चांगलं पेय तेच, पण मधुमेहाला तेही बेताने.

एक संध्याकाळ कारोनीच्या खारफुटीसाठी राखा. चारच्या सुमाराला बोट निघते, आणि सूर्य कलला की लालभडक आयबिस पक्ष्यांचे थवे रात्रीच्या मुक्कामाला एका बेटावर उतरतात. काळपट-करड्या पिलांना हा रंग खाण्यातल्या खेकड्या-कोळंब्यांतून हळूहळू चढतो. तासाभरात हिरवी झाडं लाल होतात. दुर्बीण न्या, बोट लांब थांबते आणि ते योग्यच आहे. ला ब्रेआचं डांबराचं तळं बरंच दक्षिणेला आहे, भौगोलिक नवल म्हणून मोठं. पण उन्हात ओबडधोबड जमिनीवर चालायचं असतं, तेव्हा गुडघे बघून ठरवा. तुम्ही भूगोल शिकवलेला असेल तर मात्र जाच, वाटाड्या घेऊन.

टोबॅगोबद्दल थोडक्यात, कारण तिथे काही करायचं नसतं. विमानतळाजवळच, क्राउन पॉइंटला राहा. पिजन पॉइंटचा किनारा पायांखाली येईल इतका जवळ असतो. काचेच्या तळाच्या बोटीतून बकू रीफवरची प्रवाळं दिसतात, आणि पुढे ‘नायलॉन पूल’ : भर समुद्रात कमरेएवढं पारदर्शक पाणी, खाली पांढरी वाळू. पोहता न येणाऱ्या काकूंनाही तिथे उतरता येईल. बोटीची शिडी निसरडी असते, दोघांनी हात देऊन उतरवा. एक सकाळ मेन रिजच्या जंगलाच्या कडेने गाडीने जाऊन या. पाऊस टिकावा म्हणून १७७६मध्ये कायद्याने राखलेलं ते रान आहे. साताऱ्याच्या माणसाला डोंगरावरचं झाड आणि खालचं पाणी यांचं नातं समजावून सांगायला नको.

बॅग भरताना एक बघा. लष्करी ठिपक्यांच्या कापडाचं काहीही नेऊ नका, टोपीसुद्धा. सामान्य माणसाने ते घालणं तिथे गुन्हा आहे. नातू सोबत येणार असेल तर त्याची पँट तपासा. विजेचे प्लग अमेरिकेसारखेच आहेत. स्थानिक डॉलर बाहेर मिळत नाहीत, विमानतळावर थोडे काढून घ्या, डबल्सवाला कार्ड घेत नाही.

साताऱ्याला फोन करताना घड्याळाचं लक्षात ठेवा, त्रिनिदाद आपल्या साडेनऊ तास मागे आहे. ओव्हलवर सकाळी दहाला पोचलात तर घरी संध्याकाळचे साडेसात झालेले असतील. तिथूनच एखाद्या वर्गमित्राला फोन लावा.